वेल्सच्या खेड्यांत वसलेल्या मराठी मंडळींस अनावृत पत्र

वेल्सच्या ग्रामीण भागात वास्तव्य करणाऱ्या माझ्या सुविद्य मराठी बंधुभगिनींस,



पत्रास कारण असे की, गणेशोत्सवाला, दिवाळीच्या फराळाला किंवा कुणाच्या वास्तुशांतीला आपली चार कुटुंबे एकत्र जमली म्हणजे, महागाई आणि मुलांच्या परीक्षा हे दोन विषय आटोपताच, बोलणे हटकून ज्या तिसऱ्या विषयावर येऊन ठेपते, तो विषय गावच्या कम्युनिटी कौन्सिलच्या नाकर्तेपणाचा असतो. रस्त्याला खड्डा पडला, की कौन्सिल झोपली आहे. वळणावरच्या झाडीने समोरून येणारी मोटार दिसेनाशी झाली, की कौन्सिलला डोळे नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याने प्रचंड गोठा उभारायला घेतला, की कौन्सिल त्याला मिंधी आहे. आणि गावातली वेगमर्यादा ताशी वीस मैलांवर आली, की कौन्सिलला दुसरा उद्योग नाही. हे आरोप करणाऱ्यांत नामांकित डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, हिशेबनीस आहेत, आणि पवनचक्क्यांपासून औषधनिर्मितीपर्यंत नाना क्षेत्रांतले जाणकार आहेत. परंतु माझ्या कौन्सिलच्या हद्दीत राहणाऱ्यांपुरते बोलायचे, तर त्यांपैकी एकानेही तिच्या सभेला आजवर पाऊल टाकलेले नाही, हे मी तिचा एक स्वीकृत सभासद या नात्याने, दप्तरातील हजेरीच्या आधारे सांगू शकतो.

आपल्या हेतूंविषयी माझ्या मनात किंतु नाही, आणि या भूमीवरचा आपला हक्कही मी कमी लेखीत नाही. त्रेडेगार येथील खाणकामगाराच्या पोटी जन्मलेल्या अन्युरिन बेव्हन यांनी 1948 साली जी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तिचा भार याच वेल्सच्या खोऱ्याखोऱ्यांतून भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांनी पुढे वर्षानुवर्षे वाहिला, हा इतिहास येथील वृद्ध माणसे कृतज्ञतेने सांगतात. ज्यांच्या दुखण्याखुपण्याला आपण रात्री-अपरात्री धावून जाता, त्यांच्याच गावच्या कारभाराविषयी आपण इतके त्रयस्थ राहावे, हेच मला खुपते. म्हणून, आपली क्षमा गृहीत धरून, माझी गाऱ्हाणी एकेक करून मांडतो.

माझे पहिले गाऱ्हाणे असे की, ज्या संस्थेला आपण दोष देता ती संस्था कोणती, याची चौकशी आपण केलेली नाही. 1894 सालच्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या पॅरिशना चर्चच्या कारभारापासून अलग अशा लोकनियुक्त परिषदा मिळाल्या. पुढे 1972 च्या कायद्यान्वये 1 एप्रिल 1974 पासून वेल्समधल्या पॅरिश गेल्या, साऱ्या देशाची कम्युनिटींत विभागणी झाली, आणि त्यांपैकी सातशेहून अधिक ठिकाणी आज अशा कौन्सिली नांदत आहेत. आपल्या मनात मात्र गावकारभार म्हटला की महाराष्ट्रातली ग्रामपंचायत उभी राहते: सरपंच, ग्रामसेवक, नळपाणी योजना, वित्त आयोगाचा निधी, आणि वर घटनेच्या 73 व्या दुरुस्तीचे छत्र. येथे यांतले काहीही नाही. पाणी जलकंपनीचे, रस्ते, शाळा आणि कचरा कौंटी कौन्सिलकडे, पोलीस आपल्या स्वतंत्र यंत्रणेखाली, दवाखाना आरोग्य मंडळाकडे. बांधकामाच्या अर्जाची खबर कौन्सिलला दिली जाते, तिचे मत मागवले जाते, पण मंजुरी-नामंजुरीचा अखत्यार कौंटीचा, आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत त्या उद्यानाच्या प्राधिकरणाचा. ज्या वीस मैलांच्या मर्यादेवरून आपण मला फराळाच्या ताटावर धारेवर धरले, ती कार्डिफच्या वेल्श सरकारने 17 सप्टेंबर 2023 पासून दिवाबत्ती असलेल्या बहुतेक वस्तीच्या रस्त्यांना सर्वसाधारण नियम म्हणून लागू केली. तीत आमचा हात असलाच तर तो येणारी पत्रे पुढे धाडण्यापुरता होता.

मग आमच्याकडे राहते काय? दफनभूमी आणि तिची पडकी भिंत, मुलांचे क्रीडांगण, बसथांब्याचा निवारा, गवतातून जाणाऱ्या पायवाटा, युद्धात कामी आलेल्यांचे स्मारक, बाके, हिवाळ्यात चढणीवर टाकायच्या मिठाच्या पेट्या, आणि ब्रिटिश टेलिकॉमने 2008 पासून सुरू केलेल्या योजनेखाली एका पौंडाला घेतलेला लाल टेलिफोनचा खोका, ज्यात आता हृदयक्रिया पूर्ववत करणारे यंत्र टांगलेले आहे. डॉक्टर मंडळींनो, त्या यंत्राची बॅटरी कुणी तपासायची आणि चिकटपट्ट्यांची मुदत संपली की नव्या कुणी मागवायच्या, हा प्रश्न आमच्या सभेत मेंढपाळ आणि निवृत्त शिक्षिका सोडवीत बसतात. त्या वेळी आपली आठवण तीव्रतेने होते. तेव्हा पहिली विनंती ही की, तक्रार जरूर करावी, परंतु ज्याच्या दप्तरी तिचा निवाडा होणार त्याच्याच दारी करावी. आणि ते दार कोणते हे ठाऊक नसल्यास आमच्या चिटणीसबाईंना विचारावे, त्या आनंदाने सांगतील.

दुसरे गाऱ्हाणे पैशाचे. कौन्सिल टॅक्सच्या मागणीपत्रात कौंटी आणि पोलीस यांच्या मोठ्या आकड्यांशेजारी आमच्या नावाची एक चिमुकली ओळ असते, आणि आपली नजर नेमकी त्या ओळीवर अडखळते. आमचे अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर आम्ही तेवढ्या रकमेची मागणी कौंटीकडे नोंदवतो आणि कौंटी ती आपल्या वसुलीतून आमच्या हवाली करते. आमचा स्वतःचा वसुली-कामगार नाही, आणि वर्षाकाठी बिनशर्त हाती पडणारे सरकारी अनुदानही नाही. समजा, गावात दोनशे घरे आहेत आणि मागणी सहा हजार पौंडांची आहे, तर सरासरीने घरामागे वर्षाला तीस पौंड पडतात. आणि त्या सहा हजारांतून चिटणिसांचे वेतन, विमा, सभागृहाचे भाडे, हिशेबतपासणीचे शुल्क आणि दफनभूमीतले गवत कापण्याची मजुरी वजा केली, की भिंतीच्या दुरुस्तीला उरते ती रक्कम गवंड्यापुढे ठेवायला संकोच वाटावा अशी असते. ज्या कामाला कायद्यात स्पष्ट आधार नाही, पण जे गावाच्या हिताचे आहे, अशा कामासाठी 1972 च्या कायद्याचे 137 वे कलम खर्चाची मुभा देते, तीही मतदारामागे ठरवून दिलेल्या मर्यादेत. 2024-25 साली ही मर्यादा 10.81 पौंड होती. सभासदांच्या खिशात काय जाते, अशी शंका एका स्नेह्याने मिस्कीलपणे बोलून दाखवली होती. त्यांच्या माहितीसाठी नमूद करतो की, 2023-24 पासून घरखर्चापोटी वर्षाला 156 पौंड आणि कागद-शाईसाठी 52 पौंड, म्हणजे आठवड्याला तीन अधिक एक पौंड, असा हिशेब आहे, आणि कित्येक सभासद तेही लेखी नाकारतात. विनंती इतकीच की, दर वर्षी हिशेबाच्या वह्या नागरिकांच्या अवलोकनासाठी ठराविक मुदतीत खुल्या असतात, त्या आपल्यापैकी एखाद्या हिशेबनिसाने एकदा तरी येऊन चाळाव्यात. चूक सापडली तर उपकार होतील, न सापडली तर संशय तरी फिटेल.

तिसरे गाऱ्हाणे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार गाऱ्हाणे, आपण आमच्या सभा न पाहता त्यांच्याविषयी मत बनवता हे होय. 2021 च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या हँडफोर्थ येथील पॅरिश कौन्सिलच्या ऑनलाइन सभेतील भांडणाची चित्रफीत जगभर पाहिली गेली, आणि तेव्हापासून या साऱ्या कौन्सिली म्हणजे करमणुकीचे फड होत, असा आपला ग्रह झालेला दिसतो. प्रत्यक्षात काय घडते, ते गेल्या हिवाळ्यातल्या एका सभेवरून सांगतो. सात जागांपैकी दोन रिकाम्या. उरलेले पाचही जण आपापली ओली जाकिटे खुर्च्यांच्या पाठींवर टाकून बसलेले. वेल्सच्या स्थानिक शासन आणि निवडणुकांविषयीच्या 2021 च्या कायद्याने दूरस्थ हजेरीची सोय प्रत्येक सभेत ठेवणे बंधनकारक झाल्यामुळे टेबलाच्या टोकाला लॅपटॉप उघडलेला, आणि डोंगराआडून येणारे इंटरनेट दर दहा मिनिटांनी बसते म्हणून चिटणीसबाईंचे अर्धे लक्ष इतिवृत्ताकडे, अर्धे त्या यंत्राकडे. विषय होता एका मोठ्या गोठ्याच्या अर्जावर अभिप्राय देण्याचा. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे हितसंबंधांच्या घोषणा मागितल्या. एक सभासद अर्जदाराचा सख्खा भाऊ निघाला. दुसऱ्याची मेंढरे अर्जदाराच्या कुरणात भाड्याने चरतात. तिसरीचे घर नियोजित गोठ्याच्या बांधाला लागून. आचारसंहितेनुसार तिघेही उठले आणि बाहेरच्या गारठ्यात जाऊन उभे राहिले. आत उरलो आम्ही दोघे. आणि गणसंख्या एकूण जागांच्या एक तृतीयांश असली तरी कोणत्याही परिस्थितीत तिघांहून कमी चालत नाही, असा कायदा. विषय स्थगित झाला, अभिप्रायाची मुदत टळली, आणि ज्या गोठ्याविषयी आपण दिवाळीत मला जाब विचारलात, त्याच्या फायलीत आमच्या गावाचे मत म्हणून एक अक्षरही गेले नाही.

आता या प्रसंगाचा अर्थ आपण शांतपणे लावावा. तेथे कुणी लबाडी केली नाही, कुणी मिंधा झाला नाही. उलट प्रत्येकाने नियम काटेकोरपणे पाळला. अडचण अशी की, ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी आणि कुरणांचे करार गुंतलेले आहेत, तेथे हितसंबंध नसलेला माणूस मिळणेच दुर्मिळ. आचारसंहिता समितीकडून सूट मागता येते, परंतु त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत प्रकरणाची मुदत बहुधा निघून गेलेली असते. आपण मला नेहमी सांगता, “आम्ही येथे परके, आमचे येथे कोण आहे?” महाशय, आपले येथे कुणी नाही, हीच त्या रात्री आपली सर्वांत मोठी पात्रता ठरली असती. आपला भाऊ येथे शेती करीत नाही, आपली मेंढरे कुणाच्या कुरणात चरत नाहीत. आपण त्या दोन रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर नुसते बसला असतात, तरी गावाला त्या अर्जावर, अनुकूल वा प्रतिकूल, बोलता आले असते.

चौथे गाऱ्हाणे भाषेविषयी आहे, आणि ते मराठी माणसापुढे मांडावे लागावे याचे मला वाईट वाटते. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलणारांचे प्रमाण देशात 17.8 टक्के, पण ग्विनेदमध्ये 64.4 टक्के आढळले. म्हणजे वायव्येकडच्या खेड्यांत कौन्सिलचा कारभार वेल्शमधून चालणे हा कुणाचा हट्ट नव्हे, तो तेथला नित्यक्रम आहे. “त्यांची सभा त्यांच्या भाषेत, आम्हाला त्यात काय कळणार?” ही सबब पुढे करण्यापूर्वी, कानाला लावायचा भाषांतर ऐकण्याचा संच आणि कोपऱ्यात बसून कुजबुजत भाषांतर करणारा दुभाषी अशी व्यवस्था अनेक ठिकाणी असते, याची चौकशी करावी. इंग्रजीतून कार्यक्रमपत्रिका न देणाऱ्या एका ग्रामीण कौन्सिलवर येथील लोकपालांनी काही वर्षांपूर्वी ठपकाही ठेवला आहे. तेव्हा दार बंद आहे असे म्हणण्यास जागा नाही. आपल्या मुलांना मराठी यावे म्हणून रविवार खर्ची घालणाऱ्या आपल्यासारख्यांना, आपल्याच गावात आपली भाषा कारभारातून नाहीशी होऊ नये अशी इच्छा बाळगणाऱ्या माणसाचे मन इतरांहून लवकर कळावे. विनंती ही की, थोडे वेल्श शिकावे. सभेच्या आरंभी दोन वाक्ये त्या भाषेत बोलणाऱ्या नवागताला अख्खी कौन्सिल सांभाळून घेते, हा माझा अनुभव आहे.

आपण यावर म्हणाल, आणि ते अगदीच गैरवाजवी नाही, की अधिकार इतके तुटपुंजे आणि कामाचे ओझे इतके भारी असेल, तर शहाण्या माणसाने त्यात पडावेच कशाला? ओझ्याविषयी मी आपल्याशी सहमत आहे आणि कार्डिफला तसे कळवलेही आहे. दोनशे घरांच्या गावालाही संकेतस्थळ हवे, वार्षिक अहवाल हवा, सभासदांच्या प्रशिक्षणाचा आराखडा हवा, 2016 च्या पर्यावरण कायद्याखाली जैवविविधतेसाठी काय केले त्याचा दर तीन वर्षांनी जबाब हवा, आणि महालेखापरीक्षकांच्या कचेरीकडून हिशेबतपासणी हवी. ही सर्व कागदपत्रे आठवड्याचे मोजके तास नेमलेली, आणि पुष्कळदा शेजारच्या एक-दोन कौन्सिलींचेही काम पाहणारी एकच चिटणीस तयार करते. बँकेची जवळची शाखा बंद झाल्यापासून तर धनादेशावर सही करणाऱ्या सभासदाचे नाव बदलणे हे एक स्वतंत्र प्रकरण होऊन बसले आहे. भावी पिढ्यांच्या कल्याणाचा 2015 चा कायदा करताना सरकारने दोन लाख पौंडांहून कमी उलाढालीच्या कौन्सिलींना त्यातल्या मुख्य कर्तव्यातून वगळले. तोच विवेक इतरत्र का दाखवू नये, हा आमचा सवाल कायम आहे. परंतु ओझे भारी आहे म्हणून खांदेकऱ्यांनी पळ काढला, तर ओझे हलके होत नाही. ते उरलेल्यांच्या मानेवर चढते.

येथेच माझे पाचवे आणि अखेरचे गाऱ्हाणे येते, ते रिकाम्या जागांचे. दर पाच वर्षांनी होणाऱ्या निवडणुकीत खेड्यांतल्या कित्येक कौन्सिलींना जागांइतकेही उमेदवार मिळत नाहीत. मध्येच जागा रिकामी झाली, तर नोटीस लागते. चौदा दिवसांत दहा मतदारांनी मागणी केली तर पोटनिवडणूक, नाही तर सभासदांनीच कुणाची तरी मनधरणी करून त्याला स्वीकृत करून घ्यायचे. आम्ही मनातून पोटनिवडणूक टळावी अशीच इच्छा करतो, हेही उघड सांगतो, कारण तिचा खर्च कौंटी आमच्याकडून वसूल करू शकते, आणि तो वर्षाचे अंदाजपत्रक कोलमडवून टाकण्याइतका असतो. मात्र स्वीकृत सभासदांनी जागा भरण्यात एक कायदेशीर तोटा आहे, जो फारच थोड्यांच्या ध्यानात येतो. 2021 च्या कायद्याने लहान कौन्सिलींनाही, गावाच्या भल्यासाठी कायद्याने मना न केलेले कोणतेही काम करण्याचा व्यापक अधिकार मिळवण्याची वाट उघडली. तिच्या अटी तीन: चिटणीस विहित पात्रतेचा असावा, लागोपाठ दोन वर्षांची हिशेबतपासणी निर्दोष असावी, आणि एकूण जागांपैकी दोन तृतीयांश सभासद निवडून आलेले असावेत. बिनविरोध आलेला उमेदवारही निवडून आलेलाच समजला जातो. माझ्यासारखा मागाहून घेतलेला स्वीकृत सभासद मात्र या मोजणीत धरला जात नाही. म्हणजे मुदतीत भरलेले एक नामनिर्देशनपत्र, एकही मत न पडता, कौन्सिलच्या हाती असा अधिकार देऊ शकते जो माझ्या साऱ्या सेवेने तिला मिळत नाही.

आणि हे नामनिर्देशनपत्र भरण्यास आपण पात्र नाही, अशी जी समजूत आपल्यात रूढ आहे तीही निराधार आहे. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे, वैध वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला येथील स्थानिक निवडणुकीत मताचा हक्क आहे. 2021 च्या कायद्याने तो सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही मिळाला आणि 2022 च्या मे महिन्यात त्यांनी स्थानिक निवडणुकीत तो प्रथम बजावला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेल्या भारतीयाला, इतर अटी पुऱ्या होत असल्यास, उमेदवारीही करता येते, आणि तिला अनामत रक्कम लागत नाही. राहते घर हद्दीतच हवे असाही दंडक नाही: गेले बारा महिने कम्युनिटीच्या हद्दीपासून 4.8 किलोमीटरच्या आत राहणारा, किंवा ज्याच्या नोकरीधंद्याचे मुख्य ठिकाण त्या कम्युनिटीत आहे असा माणूसही पात्र ठरतो. तेव्हा शहरात राहून खेड्यातल्या दवाखान्यात रोज येणाऱ्या डॉक्टरांनाही सुटका नाही.

सारांश, माझ्या मागण्या थोडक्यात अशा. मतदारयादीत आपले आणि घरातल्या सोळा वर्षांवरील मुलांचे नाव आजच तपासावे. सभेची कार्यक्रमपत्रिका किमान तीन पूर्ण दिवस आधी फलकावर आणि संकेतस्थळावर लागते, ती वाचावी. आणि विषय आपल्या जिव्हाळ्याचा असेल तर सभेला येऊन बोलावे, कारण नागरिकांना बोलण्याची वाजवी संधी देणे हे आता अध्यक्षांच्या मर्जीवर राहिलेले नाही, ते कौन्सिलचे कर्तव्य आहे. यंत्राच्या बॅटरीपासून हिशेबाच्या वहीपर्यंत, आपल्या विद्येचा एखादा तास गावाला द्यावा. आणि 6 मे 2027 रोजी होणाऱ्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी, नामनिर्देशनाची मुदत टळू न देता, आपल्यापैकी निदान एकाने तरी अर्ज भरावा.

इतके करूनही कौन्सिल नाकर्तीच वाटली, तर तक्रार अवश्य करावी. मात्र ती फराळाच्या ताटावर न करता सभेत उभे राहून करावी, म्हणजे चिटणीसबाई ती इतिवृत्तात नोंदवतील, अध्यक्षांना तिच्यावर ठराव मागवता येईल, आणि सभासद म्हणून निवडून आला असाल, तर त्यावर मत द्यायला आपणही पात्र असाल.



आपला स्नेहाकांक्षी,
पोविसमधील एका लहान कम्युनिटी कौन्सिलचा स्वीकृत सभासद